एनसीवर मिटत नाही

प्रश्न: मी कोपरखैरण्यात एका खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे. गेल्या आठवड्यात नाइटला छातीत दुखणाऱ्या पेशंटला आधी आत घेतलं, म्हणून तापाच्या मुलासोबत आलेल्या काकाने माझा हात पिरगळला आणि सलाईनचा स्टँड अंगावर ढकलला. पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. मॅनेजमेंट म्हणतं, नाव खराब होईल, मिटवून टाका. मी एकटी काय करू शकते?

उत्तर: ताई, तुम्ही पाठवलेला एनसीचा फोटो दोनदा वाचला. ‘नंबरवरून किरकोळ वाद व धक्काबुक्की.’ तुम्ही नर्स आहात, त्या वेळी ड्युटीवर होता, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. गोम तिथेच आहे. नुसती साधी दुखापत धरली की भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2) लागतं आणि ते अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं कलम 132, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं 353, खासगी नोकरीमुळे तुम्हाला लागू नाही. इथपर्यंत पोलिसांचं बरोबर आहे.

पण महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हिंसेसाठी वेगळा कायदा आहे. त्यात नोंदणीकृत परिचारिका येतात, खासगी रुग्णालयंही येतात. नुसतं धमकावणं किंवा कामात अडथळा आणणं हीसुद्धा त्यात हिंसाच; हाड मोडायला लागत नाही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद व 50,000 रुपयांपर्यंत दंड. (तुमच्याच कॅज्युअल्टीच्या भिंतीवर बहुधा याचा फलक असेल. वाचतं कोण!)

फिर्याद मॅनेजमेंटनेच द्यावी असं कुठेही नाही; मार तुम्ही खाल्लाय, फिर्याद तुम्ही द्या. सोबत नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची प्रत, त्या रात्रीचा ड्युटी रोस्टर आणि या कायद्याची छापील प्रत न्या. ठाणे अंमलदाराने टाळलं तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज, आणि तिथेही हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 173(4) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

त्याआधी, आजच, सीसीटीव्हीचं बघा. रेकॉर्डर भरला की जुन्यावर नवं चढतं. फुटेज राखून ठेवा असा अर्ज मॅनेजमेंटला द्या आणि पोच घ्या. पोच मिळत नसेल तर ईमेल करा. हाताची तपासणी करून एमएलसी (पोलीस केस म्हणून डॉक्टरांनी केलेली नोंद) झाली होती का? नसेल तर उशिरा का होईना, सरकारी रुग्णालयात करून घ्या.

मिटवायचंच असेल तर गुन्हा नोंदवण्याआधी ठरवा. या कायद्याखाली एकदा एफआयआर झाला की खालच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही, रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. मॅनेजमेंटला तुमची सही घाईने हवी आहे, त्यामागे हेही असू शकतं. त्यांच्या कुठल्याही कागदावर सध्या सही नको.

आणि फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगा, प्रत फुकट मिळते ती मागून घ्या. ‘किरकोळ वाद’ पुन्हा आला असेल तर तो बदलल्याशिवाय सही करू नका.