‘थ्रीडी पिक्चर’ आणि ‘थ्रीडीत पिक्चर’

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: “मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून मुलांना एक अॅनिमेशनपट दाखवायचा आहे. फलक मी मराठीत लिहिणार आहे. माझा मुलगा ठाण्याला अॅनिमेशनच्या क्लासला जातो. तो म्हणतो, हा पिक्चर थ्रीडी आहे. पण हाच पिक्चर आम्ही सीवूड्सला पाहिला तेव्हा तिकिटावर टूडी छापलं होतं आणि चष्मेही नव्हते. दोन्ही खरं कसं असेल? आणि फलकावर काय लिहू: त्रिमितीय, त्रिमिती, त्रिमित की त्रिआयामी?”

ताई, तुमचा मुलगाही बरोबर आहे आणि तिकीटही. ‘थ्रीडी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरात आला आहे. एक काम चित्र घडवण्याचं, दुसरं ते दाखवण्याचं. क्लासमधली मुलं पहिल्याबद्दल बोलतात, तिकीटखिडकी दुसऱ्याबद्दल. प्रेक्षक या दोघांच्या मध्ये उभा असतो, म्हणून गोंधळ त्याच्याच वाट्याला येतो.

आधी घडवण्याचं. हाताने काढलेल्या चित्रात पात्राची जी बाजू काढली तेवढीच असते. त्याने मान वळवली की चित्रकाराला नवं चित्र काढावं लागतं. संगणकावरच्या थ्रीडी अॅनिमेशनमध्ये पात्राची पूर्ण आकृती तयार करतात. तिला पाठ असते, बगल असते, पायाचे तळवेसुद्धा असतात. मग संगणकातलाच कॅमेरा तिच्याभोवती हवा तिथे ठेवायचा आणि तिथून दिसेल ते चित्र काढून घ्यायचं, ज्याला क्लासमध्ये ‘रेंडर करणं’ म्हणतात. आकृतीला लांबी, रुंदी आणि खोली असते, पण त्यातून निघणारं चित्र शेवटी सपाटच. १९९५ सालचा ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तो थ्रीडी अॅनिमेशन होता, आणि लोकांनी तो चष्म्याशिवाय, सपाट पडद्यावर पाहिला. २००९ साली तोच चित्रपट दुसऱ्या भागासह पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा मात्र चष्मा लावून पाहण्यासाठी. खोली असलेल्या आकृत्या संगणकात होत्याच. दुसऱ्या डोळ्यासाठी थोडा बाजूला आणखी एक कॅमेरा ठेवून चित्रं नव्याने काढायची, एवढं करता आलं.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘द लायन किंग’चं. १९९४ चा तो चित्रपट हाताने काढलेल्या चित्रांचा, म्हणजे घडवण्याच्या बाजूने सरळ टूडी. २०११ साली तो थ्रीडीत प्रदर्शित झाला. सपाट चित्रं, पण पाहायची चष्म्यातून! आणि २००९ चा ‘कोरलाइन’ तर खऱ्याखुऱ्या, हातात धरता येतील अशा बाहुल्यांचा. त्यांची प्रत्येक स्थिती कॅमेरा किंचित सरकवून दोनदा टिपली होती, एकदा डाव्या डोळ्यासाठी आणि एकदा उजव्या. ही तीन उदाहरणं शेजारी ठेवली की घडवणं आणि दाखवणं एकमेकांवर अजिबात अवलंबून नाही हे दिसतं.

आता दाखवण्याचं. आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग थोडं वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज घेतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली हे नीट मांडलं आणि दोन सपाट चित्रांतून खोली दाखवणारं उपकरणही केलं. चित्रपटगृहातला चष्मा तेच काम करतो: दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं पोचवतो. सगळीकडे दिसणाऱ्या एका पद्धतीत एकच प्रोजेक्टर डाव्या-उजव्या डोळ्याची चित्रं आळीपाळीने टाकतो. सेकंदाला २४ चित्रं, दोन डोळे आणि प्रत्येक चित्र तीनदा, असे सेकंदाला १४४ झोत. डाव्या आणि उजव्या डोळ्याच्या झोतांचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची रीत, वेगळं, आणि चष्म्याची प्रत्येक काच आपल्या वाट्याचाच प्रकाश आत सोडते. पांढऱ्या साध्या पडद्यावर आदळून प्रकाश विखुरला की हे ध्रुवण टिकत नाही, म्हणून तिथे रुपेरी लेपाचा पडदा लागतो. मराठीत आपण ‘रुपेरी पडदा’ अलंकारिक अर्थाने किती सहज म्हणतो. थ्रीडीच्या पडद्याला तो शब्द अक्षरशः लागू आहे, आणि याचा मला फार आनंद वाटतो.

कोणता थ्रीडी कुठला, हे ओळखायची सोपी कसोटी म्हणजे एक डोळा मिटून पाहणं. चष्म्याच्या सिनेमात एक डोळा मिटला की पडद्यातून बाहेर आलेली वस्तू पुन्हा पडद्यावर जाऊन बसते. तुम्ही सीवूड्सला पाहिलात तशा खेळात मात्र एक डोळा मिटून काहीच फरक पडत नाही. (१९५३ साली ‘हाउस ऑफ वॅक्स’ हा गाजलेला थ्रीडी चित्रपट करणारे दिग्दर्शक आंद्रे द टोथ यांना एकाच डोळ्याने दिसत असे. स्वतःच्या चित्रपटातली ती खोली त्यांना पाहता येत नव्हती.)

याच कसोटीवर एक तिसरा थ्रीडीही वेगळा पडतो, तो म्हणजे रांगोळीचा. पाडव्याच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत ठाण्यात रांगोळी-प्रदर्शनांना गेलात तर ‘थ्रीडी रांगोळी’ हा शब्द हमखास कानावर पडेल. तिथे जमिनीत खड्डा आहे किंवा मडकं वर आलं आहे असा भास होतो. हा भास यथादर्शनाचा, म्हणजे एका ठरावीक जागेवरून जसं दिसेल तसं काढण्याच्या कौशल्याचा. तिथे एक डोळा मिटला तर भास उलट वाढतो. रंग सपाट, जमीन सपाट, चष्मा नाही, तरी लोक थ्रीडी म्हणतात. मला ते चूक वाटत नाही. खोली दिसली की थ्रीडी, एवढाच लोकांचा अर्थ आहे.

मग आपल्याकडे ‘थ्रीडी म्हणजे चष्मा’ हे समीकरण इतकं घट्ट का? मला वाटतं, शब्द आपल्याकडे आला तोच चष्म्यासकट. भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट मल्याळममध्ये १९८४ साली झाला, ‘माय डिअर कुट्टिचातन’. तो पुढे १९९८ साली ‘छोटा चेतन’ या नावाने हिंदीत आला. ते अॅनिमेशन नव्हतं, पडद्यावर हाडामांसाची माणसं होती. संगणकावर आकृती घडवणाऱ्यांचा थ्रीडी आपल्या बोलण्यात क्लासेसबरोबर, नंतर आला, आणि आधीचा अर्थ तोवर मुरला होता. म्हणून रांगेत उभी असलेली आजी आजही विचारते, “चष्म्याचा आहे का हो?” तिचा प्रश्न तिकिटावरच्या शब्दापेक्षा नेमका आहे.

आता मुख्य मुद्दा. हे दोन अर्थ वेगळे ठेवायला नवा शब्द घडवायची गरज नाही. मराठीची घडणच ते काम करते, फक्त शब्द कुठे ठेवायचा ते पाहावं लागतं. ‘थ्रीडी’ नामाच्या आधी ठेवला की घोटाळा होतो: ‘आम्ही थ्रीडी पिक्चर पाहिला’ यातून काहीच ठरत नाही. तोच शब्द सप्तमीचा ‘त’ लावून क्रियापदाजवळ नेला की सगळं सुटतं: ‘आम्ही तो पिक्चर थ्रीडीत पाहिला.’ इथे थ्रीडी पाहण्याशी बांधला गेला. ‘मराठीत पाहिला’, ‘हिंदीत पाहिला’ असं आपण म्हणतो तसंच हे आहे. चित्रपट तोच, समोर येण्याची रीत वेगळी. तुमचा मुलगा ‘हा पिक्चर थ्रीडीत बनवलाय’ म्हणाला तर तिथेही अडचण नाही, कारण क्रियापदच बनवण्याचं आहे. तुमचा सगळा प्रश्न मग एका वाक्यात मावतो: ‘हा थ्रीडी अॅनिमेशनपट आम्ही टूडीत पाहिला.’ ऐकायला विसंगत, पण प्रत्येक शब्द आपल्या जागी चोख. षष्ठी मात्र तेवढी भरवशाची नाही. ‘थ्रीडीचा शो’ म्हणजे चष्मा आणि ‘थ्रीडीचा क्लास’ म्हणजे संगणक.

राहिली चार शब्दांची निवड. ‘मिती’ संस्कृत ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूवरून आला. भूमिती, परिमिती, त्रिकोणमिती ही सगळी त्याच घरातली. जुन्या पत्रांत ‘मिती कार्तिक शुद्ध पंचमी’ असं लिहीत, तिथे त्याचा अर्थ तिथी. शाळेत आपण द्विमितीय आकृती आणि त्रिमितीय वस्तू शिकलो, तेव्हा ‘त्रिमितीय’ हा शब्द मुलांच्या ओळखीचा आहे. फलकासाठी तोच घ्या. ‘त्रिमिती’ही चालेल, लहान आहे आणि बोलायला सोपा आहे. ‘त्रिमित’ मी टाळेन. ‘मित’ म्हणजे मोजका, मापातला: मितभाषी, मिताहारी. त्यामुळे ‘त्रिमित’ वाचताना मन नको तिकडे वळतं. ‘त्रिआयामी’ हिंदीच्या वाटेने येतो. ‘आयाम’ मराठीला परका नाही, ‘भूमिकेला नवा आयाम दिला’ असं समीक्षक लिहितात. पण हाताशी मिती असताना तो मुलांवर लादायला नको.

लिहिताना एवढं सांभाळा: सुटा शब्द ‘त्रिमिती’ दीर्घ, पण समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. गती, पण गतिरोधक. बुद्धी, पण बुद्धिबळ. तसंच ‘त्रिमितिपट’. ‘त्रिमितीय’ मात्र दीर्घ, कारण तिथे ‘ईय’ प्रत्यय आहे, जसं जाती आणि जातीय.

तुमच्या गच्चीवर साधा प्रोजेक्टर आणि पांढरा कापडी पडदा असणार, म्हणून फलकावर नुसतं ‘थ्रीडी’ लिहू नका, मुलं चष्म्याची वाट पाहत बसतील. असं लिहा: ‘संगणकावर घडवलेला त्रिमितीय अॅनिमेशनपट. साध्या पडद्यावर, चष्म्याशिवाय.’ पुढच्या वर्षी चष्म्याची हौस करायचीच असेल तर लाल-निळ्या काचांचे कागदी चष्मे कापडी पडद्यावरही चालतात. मात्र त्यासाठी तशीच तयार केलेली प्रत लागते, आणि चित्रपटाचे मूळ रंग बरेच मार खातात. तेव्हा फलकावर ‘त्रिमितीत दाखवणार’ असं लिहायला हरकत नाही.