शांघायला जहाजाची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं मार्चअखेर सिंगापूरहून निघून व्हिएतनाम, हाँगकाँग, शांघाय करत जपानला संपणाऱ्या क्रूझवर जाताय, उरलेले अडीच लाख डिसेंबरात भरायचेत आणि आरडी सुटतेय जानेवारीत. म्हणून सहा लाखांची एफडी मोडू का, आणि शांघायच्या एका दिवसासाठी जहाजाची टूर दोघांची २६ हजारांना घेऊ की स्वतः फिरू, मिस्टरांचा गुडघा दुखतो.

एफडी मोडू नका. ती दवाखान्यासाठी ठेवलीय असं तुम्हीच लिहिलंय आणि प्रश्न फक्त महिन्याभराचा आहे, त्यासाठी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्यावर उचल. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात, तेही वापरलेल्या पैशावर आणि वापरलेल्या दिवसांचंच. साडेआठ टक्के धरले तरी अडीच लाखांचं महिन्याचं व्याज १,८०० च्या आत बसतं.

आता शांघाय. इथं सगळं व्हिसावर अडतं हो. चीन बऱ्याच देशांच्या प्रवाशांना ट्रान्झिटमध्ये, म्हणजे दुसऱ्या देशाला जाताना वाटेत थांबलं तर, बिनव्हिसा सोडतं, त्या यादीत भारत नाही. मे २०२४ पासून क्रूझने येणाऱ्या ग्रुपला, म्हणजे दोन माणसांपासून पुढे, बिनव्हिसा उतरता येतं पण तो ग्रुप तिथल्या चिनी ट्रॅव्हल एजन्सीने नेलेला लागतो. त्यामुळे एजंट तुम्हाला "व्हिसा लागत नाही हो" म्हणाला असेल तर कशाच्या जोरावर म्हणतोय ते ईमेलवर लेखी घ्या, कारण तो ग्रुपचं सांगत असेल तर तुम्हाला एकटं फिरताच येणार नाही, आणि कागद कमी पडले तर सिंगापूरलाच जहाजावर घेत नाहीत, तिकिटाचे पैसेही जातात. असं झालेलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, फाईल उघडून नुसते बसून होते, मला अजून आठवतं.

माझं मत, चीनचा स्वतःचा व्हिसा काढा आणि स्वतः फिरा. व्हिसाची फी धरूनही खर्च २६ हजारांच्या बराच खाली राहतो. फक्त जहाज कुठल्या टर्मिनलला लागतंय ते बघा. मोठी जहाजं नदीवरच्या यांगपू पुलाखालून जात नाहीत, ती बाओशान भागातल्या वुसोंगकोऊ टर्मिनलला लागतात, आणि तिथून बंड, म्हणजे नदीकाठचा तो जुन्या इमारतींचा रस्ता, पंचवीसेक किलोमीटर लांब. मेट्रो पाच-सहा युआनमध्ये नेते (युआन बारा-तेरा रुपयांचा धरा) पण गुडघा बघता जाता-येता टॅक्सीच करा. टॅक्सी, यू गार्डन या जुन्या बागेची तिकिटं, जेवण आणि नदी ओलांडायची २ युआनवाली फेरीबोट धरून दोघांचं सात-आठ हजारांत होईल. त्या फेरीतूनच ६३२ मीटरचा शांघाय टॉवर समोर दिसतो, वर चढायचं वेगळं तिकीट काढू नका.

बंडवर हिरव्या टोकदार छपराची एक इमारत आहे, आता हॉटेल आहे तिथं, तिच्यापुढे मात्र थांबा. १९२९ सालचं ते ससून हाऊस, बांधणारा व्हिक्टर ससून म्हणजे आपल्या पुण्याच्या ससून हॉस्पिटलवाल्या डेव्हिड ससूनचा पणतू. मुंबई ते चीन असा अफूचा आणि कापडाचा व्यापार होता त्या घराण्याचा. पुणेकराला ही इमारत बघताना काय वाटेल ते मी सांगायला नको.

पैसे देण्यासाठी अलीपे हे तिथलं पेमेंट अ‍ॅप इथूनच फोनवर टाकून कार्ड जोडून ठेवा, ओटीपी पुण्यात असताना येऊन जाऊ दे. २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला फी नसते, त्यावर ३ टक्के लागते. आणि भारतीय सिमचं रोमिंग घ्या, तिथल्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही.

एक धोका खरा आहे. जहाज स्वतःच्या टूरच्या बससाठी थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि पुढचं बंदर जपानमध्ये, म्हणजे ऐनवेळचं विमान, हॉटेल, सगळं मिळून टूरच्या कितीतरी पट. जहाजावर परतायची वेळ ५ असेल तर अडीचला बंड सोडा, मिस्टर अजून पाच मिनिटं म्हणाले तरी.

आणि एजंटने बिलात टीसीएस, म्हणजे परदेश टूरवर आधीच घेतला जाणारा इन्कम टॅक्स, लावला असेल तर तो बुडत नाही, तुमच्या पॅनवरच्या कर-नोंदीत दिसेल, रिटर्न भरताना वळता करून घ्या.