साडेसहा तासांत न्यूयॉर्क?

प्रश्न : ऑगस्टमध्ये मुलीकडे न्यूयॉर्कला निघालोय. विमान मुंबईहून रात्री 2 ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी साडेआठला पोचतं, असं तिकिटावर आहे. साडेसहा तासांत अमेरिका? ह्यांनी नातवाच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढलं, तेही जुळेना.
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, आधी ती पट्टी काढून घ्या. तिची रेघ सौदी, इजिप्त, मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये उतरते. त्या वाटेनं 14,200 किलोमीटर होतील. गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसवलेली असते, तिथे पट्टी फसणारच.

तीस वर्षं भूगोल शिकवला, पण या प्रश्नाला माझ्याकडे अजून तोच उपाय आहे : पृथ्वीगोल आणि गोधडीचा दोरा. एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबायचं, दुसरं न्यूयॉर्ककडे ताणायचं. दोरा आपसूक वर सरकतो आणि सिंध, अफगाणिस्तान, मॉस्कोची वेस, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक अशी वाट धरतो. (वर्गात इथे हमखास कुणीतरी ओरडायचं, ‘बाई, दोरा घसरला!’) माझ्या गोलावर दोरा भरला 29.5 सेंटिमीटर. गोलाचा घेर 94, खऱ्या पृथ्वीचा 40,000 किलोमीटर. त्रैराशिक मांडा : साडेबारा हजारांच्या जरा वर. अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला तर येतात 12,530. दोऱ्यानं एवढं जमवलं, अजून काय हवं!

आता वेळ. मोठं विमान ताशी 900 च्या आसपास जातं, म्हणजे चौदा तास. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं वेगळं. शिवाय दोरा जातो तिथून विमान जाईलच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं, तेव्हापासून त्यांना वळसा पडू लागला. त्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, तो जाताना तोंडावर येतो.

मग साडेसहा कसे? तिकिटावर सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची न्यूयॉर्कच्या. तिकडच्या उन्हाळ्यात ते घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. साडेसहात साडेनऊ मिळवा : सोळा तास. पायमोजे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

येताना उलटं, मिळवायचं नाही, वजा करायचं. वारा पाठीशी, म्हणून प्रवासही आखूड. डिसेंबरात परतणार असाल तर मात्र साडेनऊ धरू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात, फरक साडेदहाचा होतो. तिथून सकाळी 11 ला सुटून मुंबईत दुसऱ्या दिवशी साडेअकराला पोचणारं विमान असेल, तर साडेचोवीस वजा साडेदहा, चौदा तास. घ्यायला येणाऱ्याला तारीख मुंबईची सांगा, आमच्याकडे एकजण आदल्या दिवशीच विमानतळावर जाऊन उभा होता.