टकली साळुंकी आजारी असेलच असं नाही

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या गच्चीवरून काढलेला तुमचा साळुंकीचा फोटो पाहिला, ती आजारी आहे का हा तुमचा प्रश्नही. डोक्याची पिवळी कातडी उघडी पडलीय, पंखात फट दिसतेय. पण ती दाणे टिपत असेल आणि हाकलल्यावर नीट उडत असेल, तर काळजीचं कारण नाही. पावसाळा सरत आला की साळुंक्या, कावळे, बुलबुल असेच कळकट दिसतात. पिल्लांचं आवरलं की जुनी पिसं टाकायची वेळ येते. दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत. गावरान कोंबडीसुद्धा पिसं टाकताना अंडी देणं थांबवते.

पूर्ण वाढलेलं पीस नखासारखं निर्जीव असतं. उन्हाने विटलं, उवांनी कुरतडलं तर भरून येत नाही, बदलावंच लागतं. खालून नवं पीस फुटतं आणि जुन्याला बाहेर ढकलतं. सुरुवातीला ते पातळ आवरणात गुंडाळलेल्या काडीसारखं असतं, आत रक्त खेळत असतं. पक्षी चोचीने ते आवरण सोलतो, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचणार कशी? म्हणून तिथले खुंट जास्त दिवस राहतात. फोटो मोठा करा, डोळ्यामागे राखाडी टोकं दिसतील.

पंखातली पिसं बहुतेक पक्ष्यांत डाव्या-उजव्या जोडीने गळतात, म्हणून तोल जात नाही. गोदाघाटावर घिरट्या घालणारी घार खालून बघा, दोन्ही पंखांत सारख्याच जागी खाच असते. खाच एकाच बाजूला असेल तर मांजर किंवा मांजा (आपल्याकडे मांजा आधी).

बदकांची तऱ्हाच वेगळी. उडायची सगळी पिसं ती एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे पाणवनस्पतींत लपून काढतात. उत्तरेकडून येणारी बदकं हे तिकडेच उरकतात. नर मात्र मादीसारख्या मळकट रंगातच इथे उतरतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत थापट्या (पसरट चोचीची बदकं) दिसले की नवखे लोक 'सगळ्या माद्याच' अशी नोंद करतात. डोळा बघावा. पिवळाधमक असेल तर तो बहुधा नर, जानेवारीपर्यंत त्याचं डोकं हिरवं होतं.

तुमच्या साळुंकीला पकडून तेल-हळद लावू नका. पाण्याचं उथळ भांडं ठेवा. काही आठवड्यांत डोकं भरेल. दोन महिन्यांनीही तसंच राहिलं किंवा खपल्या दिसल्या, तर कातडीवरच्या परजीवींचा संशय घ्यायचा. तेव्हा पुन्हा फोटो टाका.