घरी बांधलेल्या रेस-कारच्या आतील बाजूस कोणता रंग द्यावा, स्प्रे कॅन चालेल का, आणि रोल केजचे जोड लांबीने भरून घ्यावेत का?

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्याचे जोड लांबीने (पुट्टीने) भरून घेऊ नयेत. रंगाविषयी पुढे लिहितोच; पण 'पेंटर म्हणतो, केजचे सगळे वेल्ड लांबी भरून गुळगुळीत करून देतो' हे आपल्या प्रश्नातील वाक्य वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण अगदी हेच वाक्य मी २०१८ च्या जुलैत बेळगावच्या उद्यमबागेतील एका शेडमध्ये ऐकले होते आणि त्याला होकारही दिला होता.

ते म्हणणारे माझे सख्खे मामा होते. त्यांनी सारे आयुष्य लेथ आणि मिलिंग मशीनच्या बॉड्या रंगवण्यात घालवले. बिडाचे ओतकाम साच्यातून बाहेर येते तेव्हा त्याचा पृष्ठभाग वाळूने खडबडीत झालेला असतो; त्यावर लांबीचे थर देऊन, पॉलिश पेपरने घासून, पुन्हा थर देऊन तो आरशासारखा करणे हे त्या धंद्यात रीतसर काम समजले जाते, आणि त्या कामात मामांसारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही. मी स्वतः एका फाउंड्रीच्या तपासणी विभागात आहे. ओतकामातील वायूचे छिद्र कोणी लांबीने बुजवून रंगवले आणि ते सापडले, तर तो माल आम्ही तिथल्या तिथे नाकारतो. म्हणजे लांबी कुठे शोभा असते आणि कुठे लपवाछपवी, हे मला रोजच्या भाकरीतून ठाऊक होते, आणि तरीही मी गप्प बसलो, कारण मामा वडीलधारे होते, एक रुपयाही न घेता रात्री जागून काम करत होते, आणि रंगाच्या बाबतीत त्यांना शिकवणे मला उद्धटपणाचे वाटले.

गाडी जुनी मारुती एस्टीम होती. आतील गालिचा आणि सीट काढल्यावर आवाज दाबण्यासाठी तळाच्या पत्र्याला चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या हीट गन आणि खरवडणीने काढायला चार रविवार लागले. भंगाराच्या काट्यावर त्या आठ किलोंच्या वर भरल्या. केजसाठी आम्ही सीमलेस नळी घेतली. आंतरराष्ट्रीय मोटर-शर्यत संघटनेच्या (एफआयए) परिशिष्ट 'जे'मध्ये चालकाच्या मागच्या मुख्य कमानीसाठी किमान ४५ मिलिमीटर व्यास व अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० मिलिमीटर व्यास व दोन मिलिमीटर जाडी, आणि इतर नळ्यांसाठी ३८ बाय अडीच किंवा ४० बाय दोन अशी मापे दिली आहेत, ती आम्ही काटेकोर पाळली. छताला लागून असलेल्या जोडांची वरची बाजू वेल्ड करता यावी म्हणून कमानीच्या पायांखाली तळाचा पत्रा गोल कापला, केज त्या भोकांतून खाली उतरवला, वरचे जोड पूर्ण केले, आणि मग केज उचलून पायांखाली जाड पोलादी पट्ट्या घातल्या. एवढी काळजी घेतलेल्या केजच्या प्रत्येक जोडावर मामांनी लांबी भरली, घासली आणि वर चकचकीत काळा रंग मारला. नळीतून नळी उगवल्यासारखी दिसत होती; शेडमध्ये येणारा प्रत्येक जण जोडावर हात फिरवून बघायचा.

दुसऱ्या ऑटोक्रॉस शर्यतीहून परत आल्यावर गाडी धुताना मागच्या तिरक्या नळीच्या पायाशी, जिथे ती चाकाच्या कमानीवरील पट्टीला मिळते तिथे, केसाएवढी बारीक रेघ दिसली. मामा म्हणाले, "लांबी आहे, गाडी हादरली की फुटणारच, उद्या परत भरून देतो." आणि खरोखरच ती नुसती लांबीची चीर असू शकत होती. माझा सगळा आक्षेप याच ठिकाणी आहे: लांबी फुटली म्हणून पोलाद फुटलेच असे नाही, आणि लांबी शाबूत आहे म्हणून पोलाद शाबूत आहे असेही नाही. मी तो जोड धातूपर्यंत खरवडला, ओतकाम तपासायला वापरतात तो चिरेत शिरणारा लाल द्रव त्यावर मारून पुसला, आणि चिरेतला द्रव वर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारला. काही मिनिटांत वेल्डच्या कडेने चार सेंटिमीटर लांब लाल रेघ उमटली. चाळीस मिलिमीटर नळीचा घेर साडेबारा सेंटिमीटर असतो; म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जोड सुटलेला होता, आणि त्या अवस्थेत मी किती फेऱ्या मारल्या हे मला आजही सांगता येत नाही.

नळीचे टोक पट्टीवर नीट बसेल असे कापले गेले नव्हते आणि राहिलेली फट वेल्डरने वरवर भरली होती, हे मूळ कारण. मामांचे म्हणणे तेव्हापासून आजतागायत एकच आहे: दोष वेल्डरचा होता, रंगाचा नव्हता. दोष वेल्डरचा होता हे मला मान्य आहे. पण तो दोष रंगापूर्वी डोळ्यांना दिसण्यासारखा होता, वेल्डचा तो भाग बसका आणि एका कडेला न मिळालेला होता, आणि लांबीने तो आमच्या सर्वांच्या नजरेतून काढून घेतला. रेस-कारमध्ये जोडाचे वळ, म्हणजे वेल्डच्या उठलेल्या रेषा, दिसलेच पाहिजेत, मग ते सुंदर असोत वा नसोत. ग्राइंडरने घासून वेल्ड सपाट करणे हा याहून वाईट प्रकार आहे, कारण त्यात जोडाचे मांसच कमी होते.

आता आपला रंगाचा प्रश्न. फिकट राखाडी द्या, काळा मुळीच नको. फिकट रंगावर चिरेतून झिरपणारा गंज तपकिरी रेषेच्या रूपाने लवकर दिसतो, तेलाची किंवा ब्रेक ऑइलची गळती दिसते, आणि सीटखाली पडलेला नटही सापडतो. डॅशबोर्डची वरची बाजू मात्र काळी आणि बिनचमकीची ठेवा, नाहीतर तिचे प्रतिबिंब काचेत पडून समोरचे दिसत नाही. रंग पातळ असावा. दहा चौरस मीटरवर शंभर मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा) थर म्हणजे एक लिटर सुका रंग, वजनाने दीड किलोच्या आसपास. लांबीचा एक मिलिमीटर थर एकाच चौरस मीटरवर दिला तरी तोही एक लिटरच होतो. आधी डांबरी पट्ट्या खरवडून वजन उतरवायचे आणि मग लांबीने ते परत चढवायचे, यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

पत्र्यावर थेट इपॉक्सी प्रायमर द्या. नुसत्या रेड ऑक्साइडवर विसंबू नका. गंजासाठी आम्लाचे द्रावण वापरले असेल तर ते पूर्ण धुऊन पत्रा कोरडा करा, कारण आम्लाचा अंश राहिला की त्यावरचे इपॉक्सी नीट घट्ट होत नाही. डॅशबोर्ड चमकवण्याचे सिलिकॉनचे स्प्रे त्या शेडमध्ये आणूच देऊ नका. त्याने रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आपल्याकडचा पावसाळा हे रंगाचे सर्वांत मोठे दुखणे आहे. खानापूरच्या बाजूने पाऊस लागला की सकाळी पत्र्याला हात लावला तरी तो ओलसर लागतो, आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त नसेल तर प्रायमर धरत नाही. जून ते सप्टेंबर वेल्डिंग करा, रंग दिवाळीनंतर द्या. शेजारी ग्राइंडिंग चालत असेल तर रात्री रंगवा, कारण ओल्या रंगावर बसलेली लोखंडाची धूळ महिन्याभरात गंजाचे ठिपके होऊन वर येते, आणि मग खरी चीर कोणती आणि ठिपका कोणता हे कळत नाही.

स्प्रे कॅनने सगळी गाडी रंगवता येते, पण हार्डनर (रंग घट्ट करणारे द्रव) घातलेल्या रंगाएवढा तो टिकत नाही. पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल सांडले की सुटतो. कॅनचा खरा उपयोग नंतर होतो. म्हणून जी छटा कॅनमध्ये सहज मिळते तीच स्प्रे गनसाठीही निवडा, म्हणजे एखादा जोड खरवडून तपासला की दहा मिनिटांत तो पुन्हा झाकता येईल.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हार्डनरच्या वरच्या रंगात बहुधा आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. गाडीच्या आत बसून ते मारताना कापडी किंवा साधा कोळशाचा मास्क पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो मिळत नसेल तर गाडीच्या आत तो रंग मारूच नका, कॅनवर भागवा, पण तेव्हाही दारे काढून ठेवा आणि रंगाची वाफ गाळणारा मास्क लावा. चॅसी नंबर, अर्थिंगच्या जागा आणि सीट-बेल्टच्या बोल्टचे आटे टेप लावून झाका. वायरिंग आणि बेल्ट रंगानंतरच बसवा. पत्र्याच्या सांध्यांवरचे सीलर म्हणजे लांबी नव्हे. ते फाटले असेल तर नवे भरावेच. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातील जुनी भोके रंगापूर्वी पत्र्याचे तुकडे लावून बंद करा, लांबीने नव्हे.

माझी सध्याची गाडीही मामांनीच रंगवली. जोडांवर लांबी नाही, प्रत्येक वळ उघडा आहे, आणि दर शर्यतीनंतर मी टॉर्च घेऊन ते सगळे जोड पाहतो. फायबरचा डॅशबोर्ड मात्र मी पूर्णपणे त्यांच्यावर सोपवला, आणि त्यावर त्यांनी लांबीचे किती थर दिले हे मी मोजले नाही. आपल्या पेंटरलाही डॅशबोर्ड आणि दारांचे पॅनेल द्या. केज रंगवायच्या आदल्या दिवशी मात्र वेल्डरला बोलावून घ्या, आणि एकेका जोडावर उजेड टाकून तो पेंटरच्या समोर तपासा.