टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर दुरुस्त होतो का, की बिघडला की नवीनच घ्यायचा?

तुमचा प्रश्न असा आहे, की गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारे हे छोटे कॉम्प्रेसर वर्ष-दीड वर्षात बंद पडतात ते खरं का, पडले तर दुरुस्त होतात का, आणि घ्यायचा तर कुठला घ्यावा. आधीच्या उत्तरांत दोघांनी सरळ लिहिलंय, 'फेकून द्या, नवीन मागवा.' ते वाचलं आणि लिहायला बसलो. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत बावीस वर्षं मेंटेनन्स फिटर आहे, कारखान्यातले मोठे कॉम्प्रेसर रोज हाताखालून जातात, आणि 'फेकून द्या' हे वाक्य मला माझ्या साडूने सगळ्या सासुरवाडीसमोर ऐकवलेलं आहे.

माझा कॉम्प्रेसर २०१९चा. साधा, एका सिलिंडरचा, काट्याच्या गेजचा. आमच्या हॅचबॅकच्या चारही टायरमध्ये दर पंधरवड्याला दोन-तीन पीएसआय कमी झालेली हवा भरायची, एवढंच त्याचं काम. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते, पण मुंबई नाक्यापासून घरापर्यंत तीन पंप लागतात आणि दर वेळी एखाद्याचं तरी मशीन बंद. म्हणून घेतला. दोन वर्षं काही तक्रार नव्हती.

ऑक्टोबर २०२१मध्ये साडू तो एका दिवसासाठी घेऊन गेला. त्याचं शेत दिंडोरीच्या अलीकडे, टोमॅटोचा हंगाम जोरात, पिकअपमध्ये ७५ कॅरेट भरून पहाटे पिंपळगाव बसवंतच्या बाजारात निघायचं होतं. एक कॅरेट २० किलोचं धरा, म्हणजे दीड टन माल. मागच्या दोन्ही चाकांची हवा उतरलेली. चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर परत आला तो कॅरीबॅगमध्ये, वायर त्याच्याभोवती गच्च गुंडाळलेली. चालू केला तर मोटर फिरत होती, पण गेजचा काटा दहापर्यंत जायचा आणि तिथेच थरथरत राहायचा.

मी काही बोललो नाही. दिवाळीत मखमलाबादला सगळे जमलो तेव्हा विषय त्यानेच काढला. 'साडूभाऊ, तुमचं मशीन डुप्लिकेट निघालं. पाच मिनिटं चालवलं नाही तर दम टाकला. असल्या वस्तू दुरुस्त करायच्या नसतात, फेकून द्यायच्या असतात.' सासरे हसले, मेहुणा हसला. मला राग वस्तू बिघडल्याचा नव्हता, वस्तू बिघडते. न उघडता तिला डुप्लिकेट म्हटलं, याचा राग होता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तो टेबलावर घेतला. खालचे चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं तसा जळक्या वायरचा वास आला. मोटर ठीक होती. मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर आणि त्यात बसणारा मोठा गिअर, दोन्हींचे दाते शाबूत. मग सिलिंडरचं हेड काढलं. या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हा एकच तुकडा असतो, त्याच्या टोकाला वाटीसारखा वॉशर, वर एक चकती आणि मधोमध स्क्रू. वाटीची कड सिलिंडरला चिकटून राहते म्हणून हवा दाबली जाते. माझ्या वॉशरची कड एका बाजूने आत वळली होती, करपलेल्या पापडासारखी, काळी आणि कडक. बोट लावलं तर तुकडा पडला.

हे पाच मिनिटांत होत नाही. हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना त्याचं तोंड हाताला लागलंय तो हे जाणतो. २७ अंशांची हवा ३५ पीएसआयपर्यंत झटक्यात दाबली आणि उष्णता कुठेच गेली नाही, तर हिशेबाने ती दीडशे अंशांच्या आसपास जाते. ६५ पीएसआयला दोनशेच्या वर. प्रत्यक्षात सिलिंडरचा धातू थोडी उष्णता बाहेर टाकतो, पण त्यालाही थंड व्हायला वेळ हवा. म्हणून तर माझ्या खोक्यावर लिहिलं होतं, सलग १० मिनिटं चालवा, मग तेवढंच थांबा. भरल्या पिकअपच्या मागच्या चाकाला साठच्या पुढे हवा लागते, आणि त्या टायरच्या पोटात माझ्या टायरच्या दीडपट तरी हवा मावते. कामाचा हिशेब तुम्हीच करा.

पुढे त्याच्याच मुलाने सांगितलं. माल भरून झाल्यावर आधी डावं चाक, मग लगेच उजवं, मध्ये बंद केलाच नाही, अर्ध्या तासाच्या वर चालला. पोरगं खोटं बोलत नाही.

आता दुरुस्तीचं. तसा वॉशर मला कुठल्याच दुकानात मिळाला नाही, द्वारकेच्या स्पेअरपार्टवाल्यांनी हात वर केले. अंबडला मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे टेफ्लॉनच्या रॉडचा तुकडा पडला होता, त्यातून तशीच वाटी काढून घेतली. पहिली वाटी सिलिंडरच्या मापाला अगदी फिट काढली, आणि तिथे माझं चुकलं. टेफ्लॉन तापलं की चांगलंच फुगतं. तीन मिनिटांत मोटर घुरघुरायला लागली आणि प्लगमधला फ्यूज गेला. दुसऱ्या वाटीची कड पातळ केली, बाहेरून दोन दशांश मिलिमीटर कमी ठेवले, नवीन फ्यूज टाकला. काटा सरळ ३३ला गेला. मित्राने पैसे घेतले नाहीत. तो कॉम्प्रेसर आजही माझ्या डिकीत आहे आणि चालतो. साडूने मध्यंतरी दोन नवीन घेतले, दोन्ही गेले, कारण चालवायची पद्धत तीच.

तेव्हा टिकतो का, याचं उत्तर असं: कुणाच्या हातात आहे आणि कुठल्या टायरला लावलाय त्यावर आहे. कार आणि दुचाकीपुरता वापरला तर साधाही वर्षानुवर्षं जातो. पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली यांना हा लावूच नका. त्याला बॅटरीच्या टर्मिनलला क्लिप लावून चालणारा दोन सिलिंडरचा घ्या किंवा पंक्चरवाल्याकडे जा. सॉकेटमधून मिळून मिळून किती करंट मिळणार? १० अँपिअरचा फ्यूज असेल तर १२ गुणिले १०, म्हणजे १२० वॅट. त्यातून पिकअप उचलायची अपेक्षा धरणं चूक आहे.

गल्लीतले लोक आता बिघडलेले कॉम्प्रेसर माझ्याकडे आणतात. त्यांतल्या बहुतेकांत मोठं काही नसतं. एकदम मेलेला असेल तर प्लगचं टोक फिरवून काढा, आत काचेचा फ्यूज असतो, आधी तो बघा. काढताना स्प्रिंग उडून हरवते, खाली फडकं पसरा. फ्यूज चांगला असेल तर गाडीचा फ्यूज बघा. तोही चांगला असेल तर वायर प्लगच्या मानेपाशी आतून तुटलेली असते, हलवली की मोटर मध्येच फिरते. ती कापून सोल्डर करा. मोटर फिरते पण हवा भरत नाही, तेव्हा आधी टायरच्या निपलला लावायच्या कनेक्टरवर साबणाचं पाणी टाका. आतला रबर झिजला की तिथूनच बुडबुडे येतात. पाइपच्या मुळाशीही टाका. तिथे काही नसेल तरच हेड उघडा: हेडखालची पातळ पत्ती, म्हणजे व्हॉल्व्ह, कचऱ्याने उघडी राहिलीय का, आणि वॉशर. गिअरचे प्लॅस्टिकचे दाते गेले असतील तर मात्र मीही हात जोडतो, तो भाग मिळत नाही आणि बनवायचा खर्च नव्या कॉम्प्रेसरच्या वर जातो. सिलिंडरमध्ये तेल कधीही सोडू नका. हे बिनतेलाचे असतात, तेल जळून पत्तीवर काजळी धरते. ग्रीस फक्त गिअरला, तेही थोडं.

कुठला घ्यावा याचं नाव मी सांगणार नाही. हातात घेऊन बघा. खाली स्क्रू दिसतात का, की सगळं चिकटवून बंद केलंय? सिलिंडरचं हेड धातूचं आहे का? पाइप स्क्रूने बसतो का? उघडता येत नाही ती वस्तू मी घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता काही गोष्टी राहिल्या. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, आधी बदलून मागा. बॅटरीवाला, चार्ज करायचा कॉम्प्रेसर असेल तर माझं वरचं काही धरू नका. आत लिथियमचे सेल असतात, ते घरी खोलायची वस्तू नाही, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तो ठेवूही नका. डिजिटल आकड्यावर पूर्ण विसंबू नका, पंक्चरवाल्याच्या गेजशी एकदा ताडून बघा. माझ्याकडे आलेला एक चार पीएसआय जास्त दाखवत होता. आणि एक कबूल करतो, माझ्या कॉम्प्रेसरचा मूळ वॉशर टेफ्लॉनचा नव्हताच, कसल्या तरी हलक्या मटेरियलचा होता. कंपनीने तिथे पैसे वाचवले होते. तेवढ्यापुरता साडू बरोबर होता. पण अर्धा तास चालवला तो त्यानेच.

तुमचा कॉम्प्रेसर नेमका काय करतो ते लिहा: मोटर फिरते का, काटा कुठपर्यंत जातो, पाइपचं तोंड बोटाने दाबलं तर बोट उचललं जातं का. एवढं कळलं की वॉशर गेलाय की पत्ती, ते बसल्या जागी सांगता येईल.