गोळी रोज राहून जाते
प्रश्न : मी २३ वर्षांचा. पुण्यात तीन मित्रांबरोबर खोलीत राहतो. माझे पुरुषांशी संबंध असतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी एचआयव्ही टाळण्यासाठी प्रेपची रोजची गोळी सुरू केली. बाटली कुणाला दिसू नये म्हणून बॅगेच्या तळाशी ठेवतो. आठवड्यात दोन-तीनदा राहूनच जाते. बंद करू का?

उत्तर : बंद नको रे. आधी बाटली तळातून वर काढू. तुझा विसराळूपणा नाही, लपवाछपवी आड येतेय. माझ्याकडे येणारा एक मुलगा आठवड्याच्या गोळ्या साध्या डबीत घालून दाढीच्या सामानात ठेवतो. ब्रश झाला की गोळी. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही.

औषध चांगलंच आहे, पण पोटात जायला हवं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, प्रेपच्या गोळीवरच्या आयप्रेक्स नावाच्या अभ्यासात खरी गोळी दिलेल्या गटात संसर्ग नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांच्यात संरक्षण ९० टक्क्यांहून जास्त होतं. हा फरक मी प्रत्येकाला सांगते.

एखादी राहिली, तर आठवताच घे. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. बरेच दिवस खंड पडला, तर पुन्हा सुरू करण्याआधी एचआयव्ही तपासणी करून घे. एरवीही ती दर तीन महिन्यांनी हवीच. गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही, कंडोम ठेवच.

आणि हो, तिघांपैकी एकावर तरी भरवसा असेल, तर त्याला सांगून बघ. रात्री "घेतलीस का?" एवढं विचारणारं कुणीतरी असावं.